अकरा भेगांचा खरा धनी

श्री. त्र्यंबकराव देवरे, म्हणजे आम्हा सर्वांचे नाना, यांची आणि माझी पहिली भेट शहाद्याच्या बांधकाम कचेरीत झाली. मी नुकताच ओव्हरसीअरची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो आणि ते गुण समोरच्याला दिसावेत अशा बेताने प्रमाणपत्र हातात धरून उभा होतो. नाना तेथे डेप्युटी इंजिनिअर होते. त्यांनी प्रमाणपत्राकडे पाहिलेच नाही. टेबलाच्या खणातून एक लहान हातोडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "मोघे, ही जवळ ठेवा. काँक्रीट डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं." मला ते म्हाताऱ्या माणसाचे खूळ वाटले. मी हातोडी ट्रंकेत टाकली आणि चार महिने तिला हात लावला नाही.

नानांच्या एकसष्टीच्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे 'नानांच्या भेगांची गंमत' मागितली आहे. खात्यात ती सर्वांना पाठ आहे. जुन्या पुलाच्या खांबावरचे साधे सांधे नानांना भेगा वाटले, त्यांनी धडधाकट पूल धोक्याचा ठरवला, आणि मग स्वतःच कान धरून तो पाडण्यापासून वाचवला, अशी ती गंमत. कोणाचा निरोपसमारंभ असो की बढतीची मेजवानी, ती कोणीतरी सांगतोच. नानाही हसतात. ती मी लिहिणार आहे, पण तिच्याआधी त्यांच्या कामाविषयी थोडे लिहिले पाहिजे, नाहीतर तिचा अर्थ लागायचा नाही.

काँक्रीटच्या कामात नानांचा एकच मंत्र होता : आधी कालचं धुवा, मग आजचं टाका. काल थांबवलेल्या कामाचा पृष्ठभाग घासून, धुऊन स्वच्छ केल्याशिवाय त्यावर नवा माल पडता कामा नये. एकदा धडगावच्या घाटात रस्त्याखालच्या एका मोरीचे काम पाहायला आम्ही गेलो, तेव्हा गवंड्याने धुण्याला फाटा दिला होता. नानांनी आवाज चढवला नाही. बूट काढले, धोतर खोचले आणि स्वतः बादली-ब्रश घेऊन बसले. अर्धा तास साहेब घासत आहेत आणि गवंडी पाहत उभा आहे, असा देखावा चालला. आमचे मुकादम उखाभाऊ त्या गवंड्याला एवढेच म्हणाले, "आते तरी शिक रे भाऊ." त्या घाटात पुन्हा तशी चूक झाल्याचे मी ऐकले नाही.

त्यांच्यात दोष नाहीत असे म्हणून मी त्यांना कंटाळवाणे करणार नाही. नाना हट्टी आहेत. ठेकेदाराचा चहा ते घेत नसत, हे योग्यच. पण "आमची माणसंही घेत नाहीत" असे आमच्या वतीनेही परस्पर सांगून टाकत. सातपुड्याच्या उन्हात सहा मैल चालून आलेल्या माणसाला ते तत्त्व फार जड जाई.

त्यांचा दुसरा हट्ट जुन्या काँक्रीटच्या पुलांचा. म्हसावदच्या पुढे, धडगावच्या वाटेवर, आमच्या भागातला पहिला काँक्रीटचा पूल आहे. अरुंद, ठेंगणा, दिसायला ओबडधोबड. खडीऐवजी नदीतले गोल गोटे वापरलेले, आणि अंगावर साच्याच्या सागवानी फळ्यांचे रेषे उमटलेले. मला तो अर्धवट सोडलेल्या कामासारखा दिसे. नाना म्हणत, "दगडी पूल पाडायला निघालात तर गाव आडवं येईल. देवळाचा चिरा हलवलात तर मोर्चा येईल. काँक्रीटला मात्र जुनं म्हणायला कोणी तयार नाही. सिमेंट पहिल्यांदा या भागात आलं तेव्हा आपल्या माणसांनी ते कसं हाताळलं, हे दुसरीकडे कुठे लिहून ठेवलंय?" मी मान डोलावत असे. मनात म्हणत असे, पूल हा गाड्या जाण्यासाठी असतो.

आता ती गंमत. मुलीच्या लग्नासाठी नाना पंधरा दिवसांच्या रजेवर गेले होते. कचेरीचा कारभार माझ्याकडे होता, आणि तो नुसता सांभाळून माझे समाधान होईना. त्या पुलाखाली उतरून मी खांब तपासला. त्यावर अकरा आडव्या रेघा होत्या, आणि त्यांतून चुना पाझरून पांढरे ओघळ आले होते. मी त्या मोजल्या, खडूने खुणा केल्या आणि वरच्या कचेरीला कळवले की पुलाला अकरा भेगा असून तो केव्हाही कोसळेल. खाली सही केली : 'डेप्युटी इंजिनिअरकरिता'. हातोडी ट्रंकेतच होती. वरून तत्परतेने हुकूम आला की वाहतूक बंद करा, पूल पाडून त्याच जागी नवा बांधायचा आहे. मी पुलाच्या दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या लावून घेतल्या. आपण शेकडो लोकांचे प्राण वाचवले, या आनंदात मी होतो.

नाना परतले त्या सकाळी म्हसावदचे नरोत्तमभाई, मोठे केळीवाले शेतकरी, कचेरीत येऊन बसले होते. "साहेब, पूल जवय पडी तवय पडी, मन्ही केळी आजच सडी ऱ्हायनी!" नानांनी माझ्या पत्राची नक्कल वाचली. उखाभाऊंना डोंगरातल्या एका पाड्यावर पाठवले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुलाखाली उतरलो.

उखाभाऊंबरोबर जामसिंगबाबा नावाचे एक वृद्ध पावरा आदिवासी गृहस्थ आले होते. हा पूल झाला तेव्हा तरुणपणी त्यांनी डोक्यावरून घमेली वाहिली होती. नानांनी माझ्याकडे हातोडी मागितली. ती नव्हती. त्यांनी स्वतःची दिली. मी रेघेच्या वर ठोकले, खाली ठोकले, रेघेवर ठोकले. सगळीकडे सारखाच खणखणीत आवाज. फुटलेले काँक्रीट भद्द बोलते, एवढे मला पुस्तकातून ठाऊक होते.

जामसिंगबाबा खांबाजवळ गेले आणि एकेका रेघेवर तळवा ठेवून त्यांच्या बोलीत काही सांगू लागले. उखाभाऊ ते आम्हाला सांगत होते. "साहेब, एक दिनमा जेवढं काम व्हये, तेवढा एक पट्टा. सांजले काम थांबे, तठे रेघ." मध्ये एक पट्टा जेमतेम वीतभर होता. त्यावर बाबांनी हात ठेवला आणि ते हसले. उखाभाऊ म्हणाले, "त्या दिनले भोंगऱ्याना बाजार व्हता. सगळा लोके बाजारले गयात. म्हनीसन हाई पट्टा बारीक शे." होळीच्या तोंडावर भरणाऱ्या त्या बाजाराला डोंगरातला माणूस कामावर थांबत नाही, हे आम्हा सर्वांना माहीत होते. मला फक्त ते काँक्रीटवर वाचता आले नव्हते. सर्वांत रुंद पट्टा त्याच्या वरचाच होता. "दुसरा दिन साहेबनी गूळ वाटा," उखाभाऊ म्हणाले. त्या वेळच्या साहेबांचा गूळ खाऊन माणसांनी दुप्पट काम केले होते.

नाना एवढेच बोलले, "मोघे, हा हजेरीपट आहे. ज्यांची नावं कुठल्या कागदावर नाहीत त्यांचा. तुम्ही त्याला भेगा म्हणालात."

मला उभ्या जागी गडप व्हावेसे वाटले. मी उमेदवारीवर होतो. चांगला पूल पाडायला काढणाऱ्या ओव्हरसीअरला घरी बसवण्यात वरिष्ठांनी क्षणाचाही विलंब लावला नसता, आणि माझ्या घरी मी एकटाच मिळवता होतो. संध्याकाळी मी कबुलीचे पत्र लिहून नानांपुढे ठेवले. त्यांनी ते वाचले आणि खणात टाकले. म्हणाले, "सही तुमची असली तरी कागद माझ्या कचेरीचा आहे. 'करिता' म्हणजे काय?" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले की सांधे भेगा म्हणून वाचले गेले, ही चूक माझ्या कचेरीची असून तिची जबाबदारी माझी आहे, पूल भक्कम आहे, तो पाडू नये, नवा हवा असल्यास शेजारी बांधावा.

पूल वाचला. नवा रुंद पूल वरच्या अंगाला झाला. जुन्यावरून आजही बैलगाड्या, गुरे आणि डोंगरातून येणारी पायी माणसे जातात. त्याला गिलावा करून सुंदर करण्याची टूम दोनदा निघाली. दोन्ही वेळा नानांनी ती हाणून पाडली. त्याचा कठडा वाढवावा असे माझे आजही मत आहे, आणि नाना आजही ते ऐकत नाहीत. नानांना मात्र ठपका मिळाला. त्या वर्षी होणारी बढती दुसऱ्याकडे गेली, पुन्हा आली नाही, आणि ते होते त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले. माझी नोकरी कायम झाली.

त्यानंतर ती गंमत मी किती मेजवान्यांत ऐकली, सांगता येत नाही. दरवेळी नाना हसत आणि त्यांच्या शेजारी बसून मीही हसत असे. या हसण्याची मला लाज वाटते. गेल्या दिवाळीत मी त्यांना सांगितले की आता हे लिहिणार. ते म्हणाले, "लिहा की. मी गेल्यावर लिहा."

त्या हातोडीनंतर त्यांची आज्ञा मी आजवर मोडलेली नाही, ही दुसरीच वेळ. नाना आजही पहाटे उठून गोमाई नदीच्या काठाने तीन मैल चालतात, दात सगळे शाबूत आहेत, आणि कोणत्याही कठड्यावर हातोडी वाजवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. त्यांनी शंभरी पार करावी, आणि तीही असेच चालत, असे मला मनापासून वाटते. तितके थांबणे माझ्या प्रकृतीला झेपणार नाही. म्हणून सत्काराच्या दिवशी जमणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. भेगांची गोष्ट अवश्य सांगावी, नाना समोर बसलेले असताना सांगावी, पोटभर हसावे. फक्त ती माझ्या नावाने सांगावी.