चाळीस वर्षं न भरलेली टाकी

ऑर्लिन टेश म्हणजे आमच्या भागातला उंटावरचा शहाणा. पशुखाद्याच्या गिरणीत तीस वर्षं पोती उचलली, रिटायर झाला, आणि त्या दिवसापासून जगाला अक्कल वाटत फिरतोय. मला तो कधीच आवडला नाही. पण त्याची गोष्ट मलाच सांगायला हवी, कारण विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात सेप्टिक टाक्या उपसायची गाडी माझा नवरा गेल्यापासून मी चालवते. आमच्याकडे गटारं नाहीत. ज्याचं घर, त्याच्या अंगणात त्याची टाकी. दर तीन वर्षांनी ती उपसायची, एवढं साधं आहे. पण साध्या गोष्टी शहाण्यांना पटत नाहीत.

त्याच्या मुलीनं, डार्लानं, टेकडीच्या रस्त्यावर घर घ्यायचं ठरवलं. नवरा कर्ट दुधाचा टँकर चालवतो. डाउन पेमेंटला बारा हजार डॉलर कमी पडत होते, ते ऑर्लिननं दिले. बँकेचा नियम असा, की घरच्या माणसानं पैसे दिले तर ते भेट आहेत, परत मागणार नाही, असं लिहून द्यायचं. ऑर्लिननं झोकात सही ठोकली. बँकेतल्या पोरीसमोर डोळेसुद्धा पुसले म्हणे.

सही केली भेट म्हणून, आणि सोमवारपासून वागायला लागला घरमालकासारखा. सकाळी न सांगता स्वयंपाकघरात हजर. पडदे कुठले लावायचे, भिंतीला रंग कुठला, कर्टनं टँकर कुठं उभा करायचा, सगळं हाच ठरवणार. कर्ट बिचारा मूग गिळून बसायचा. बारा हजारांत जावई विकत मिळतो असं ऑर्लिनला वाटत असावं.

घराच्या आधीच्या मालकानं टाकी पाच वर्षं उपसली नव्हती. डार्लानं ऑक्टोबरात मला बोलावलं, तर दुसऱ्या दिवशी ऑर्लिनचा फोन.

"आर्डिस, यायची गरज नाही. माझी टाकी चाळीस वर्षं उघडलेली नाही. महिन्याला एक यीस्टची पुडी संडासात टाकायची आणि पाणी सोडायचं, गाळ आपोआप जिरतो. तुझे धंदे दुसरीकडे कर."

असल्या माणसाशी बोलून तोंड कोण शिणवणार? मी फोन ठेवला आणि गेलेही नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि डार्लाच्या अंगणात ओला पट्टा दिसायला लागला. वासही येत होता. म्हणजे टाकीतला गाळ वर चढून पाणी मुरवणाऱ्या पाइपांत निघाला होता. ते पाइप एकदा तुंबले की सगळं अंगण खणून नवे टाकायचे. खर्च अठरा हजार.

"आर्डिस, आमच्याकडे अठराशेसुद्धा नाहीत," डार्ला फोनवर म्हणाली. "घर जाईल हो. आणि असलं घर घेणार तरी कोण?"

"आज उपसलं तर वाचेल," मी म्हटलं. "येतेच."

गेले, तर टाकीच्या झाकणावर ऑर्लिनची पिकअप उभी. हा आत बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतोय. शेजारी डार्ला रडकुंडीला आलेली.

"बाबा, गाडी काढा ना."

"पैसे कुणी दिले या घराला? इथं कुणी काय उपसायचं ते मी ठरवीन."

माझं डोकंच फिरलं. "ऑर्लिन, तुझी टाकी उघडून दाखव. चांगली निघाली तर आल्या पावली परत जाते. पुन्हा या घरचा फोन उचलणार नाही."

डार्लाचा चेहरा पडला. पण दीड शहाण्याला हेच तर हवं असतं. त्यानं पिकअपची किल्ली खिशात टाकली आणि रुबाबात माझ्या गाडीत चढला. मागून डार्ला आणि कर्ट त्यांच्या गाडीत. हात दाखवून अवलक्षण कसं करून घेतात, ते आता बघायचं होतं.

त्याच्या घरी त्याची बायको लवॉन कॉफीचा कप घेऊनच बाहेर आली. ती कमी बोलते. चाळीस वर्षं त्याच्यासोबत काढल्यावर कोण बोलेल? कर्टनं माती खणून काढली, मी झाकण सरकवलं. टाकी जुन्या पद्धतीची, पत्र्याची. आत जवळजवळ रिकामी.

"बघ," ऑर्लिन म्हणाला. "भरलीच नाही."

मी काठी खाली सोडली. ती थांबेना. वर काढली तर टोकाला नुसता चिखल.

"भरेल कशी? हिला तळच नाही. पत्रा कधीच गंजून गेलाय. तुमच्या घरातलं सगळं वर्षानुवर्षं सरळ जमिनीत उतरतंय."

ऑर्लिननं क्षणभर विचार केला. "म्हणजे उपसायला नकोच ना?"

देवाशपथ, असं म्हणाला तो. माझ्या धंद्यात मी नको नको ते पाहिलंय, पण इतकी किळस मला कशाचीच आली नव्हती.

लवॉन मात्र टाकीकडे बघत नव्हती. घरात पिण्याचं पाणी येतं त्या अंगणातल्या बोअरकडे ती बघत होती.

"आर्डिस, टाकीपासून किती लांब असेल ही बोअर?"

"वीस पावलं. आणि उताराला."

तिनं हातातला कप गवतावर ओतला. "डार्ला तान्ही होती तेव्हा तिची दुधाची भुकटी मी याच पाण्यात कालवायचे. दर महिन्याला पोट बिघडायचं तिचं. हा म्हणायचा, तुला बाटली धुता येत नाही."



"कर्टला किल्ली दे," ती ऑर्लिनला म्हणाली.

"लवॉन, तुला यातलं काय..."

"किल्ली दे त्याला. पोरीच्या अंगणातनं गाडी निघू दे."

त्यानं दिली. पर्स नाही, कोट नाही, लवॉन तशीच डार्लाच्या गाडीत बसली. ऑर्लिन उघड्या टाकीपाशी उभा राहिला. चल म्हणून त्याला कुणीच म्हटलं नाही, मीही नाही.

दुपारपर्यंत मी डार्लाची टाकी तळापर्यंत उपसली. पाइप वाचले होते. मे महिन्यात तो पट्टा सुकला, आणि घर त्यांचंच राहिलं.

त्या दुपारी उपसायचा होज चालू असताना मला डार्लाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून लवॉन दिसली. डार्लाची बोअर टाकीच्या वरच्या अंगाला, टेकडीवर आहे. तिनं नळाखाली ग्लास भरला, उजेडात धरून नीट बघितला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. मग दुसरा भरला. मग तिसरा.