लाल एप्रनचा खिसा

लोरीन पिकेटला बंदुकीची भीती वाटायची, आणि तिच्या गावात हे सांगायचीसुद्धा लाज. अलाबामातल्या त्या गावात मुलींना वेणी घालायला आणि नेम धरायला एकाच वयात शिकवतात. तरी भावाने दिलेलं छोटं रिव्हॉल्व्हर ती रोज कामावर जाताना दुकानाच्या लाल एप्रनच्या खिशात टाकायची आणि पोटाशी निखारा बांधल्यासारखी दिवसभर वावरायची.

कारण ओडेल. लोरीन ज्या कंपनीच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात गल्ला सांभाळायची, त्याच कंपनीच्या पलीकडच्या गावातल्या दुकानात तो गल्ल्यावर बसायचा. कंपनीचा नियम त्याने तंतोतंत पाळला. हात वर, नजर खाली, मागेल ते द्या, नम्रपणे बोला. दरोडेखोराने पैसे घेतले आणि जाता जाता त्याला गोळी घातली. कंपनीने फुलं पाठवली, आणि तोच नियम मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक गल्ल्यामागे चिकटवला. खाली एक ओळ जास्तीची: कर्मचाऱ्याकडे हत्यार सापडल्यास नोकरी तत्काळ बंद.

गिऱ्हाइकांना मात्र सगळी मुभा. त्यांनी कमरेला पिस्तूल लटकवून यावं, कॉफी प्यावी, गप्पा छाटाव्यात. अख्ख्या दुकानात रिकाम्या हाताची एकटी कोण, तर गल्ल्यामागची बाई! हा नियम ज्याने लिहिला त्याने एक दुपार तिथे उभं राहून दाखवावं.

लोरीनला दोन्हीकडून धाक. दारातून कोण येईल याचा, आणि खिशातलं कुणाला दिसेल याचा. नोकरी गेली की तिच्यासोबत मिळालेला आरोग्य विमा गेला, आणि विमा गेला की नवऱ्याचं, ड्वेनचं, इन्शुलिन बंद.

नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली, की पानापानांच्या नक्षीचे कपडे घातलेले, तोंडाला कापड गुंडाळलेले पुरुष दिवसभर दुकानात येतात. एका दुपारी दुकानात फक्त म्हातारा हॉलिस होता, कमरेला भलंमोठं पिस्तूल लावून कॉफीच्या यंत्रापाशी.

"मिस लोरीन, ही कॉफी आहे का डांबर?" तिकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात.

"घरापुढचा खड्डा बुजवून बघा, कळेल."

तेवढ्यात दार उघडलं. नक्षीचे कपडे, तोंडावर कापड. लोरीन सवयीने म्हणाली, "काय हो, मिळालं का हरीण?"

मग तिच्या लक्षात आलं. त्याच्या अंगावर केशरी काहीच नव्हतं. बंदुकीच्या शिकारीत केशरी टोपी नाहीतर केशरी बंडी घातल्याशिवाय तिथे कुणी रानात शिरत नाही. नाहीतर शेजारच्या शिकाऱ्याचीच गोळी लागायची. हा माणूस रानातून आलेलाच नव्हता.

"गल्ला उघड, बाई." त्याच्या हातात पिस्तूल होतं.

तिने हात वर केले, नजर खाली घातली, गल्ला उघडला. त्याने नोटा कोंबल्या. पण तो गेला नाही. त्याच्या पिस्तुलाचं तोंड वर सरकलं.

"माझ्याकडे बघितलंस?"

"नाही हो साहेब. नाही बघितलं."

"बघितलंस."

ओडेलनेही असंच ऐकलं असेल. हात खिशात कधी गेला, ते तिला नंतरही आठवलं नाही. रिव्हॉल्व्हर अस्तरात अडकलं, हिसक्यासरशी बाहेर आलं, सोबत रुमाल आणि खोकल्याच्या गोळ्या सांडल्या. तिचे हात असे लटपटत होते, की गोळी कुठे लागेल याचा भरवसा त्यालाही उरला नाही. तो नोटा टाकून पळाला. गोळी कुणीच झाडली नाही.

वेफर्सच्या रॅकमागून हॉलिस रांगत बाहेर आला. त्याचं पिस्तूल अजून कमरेलाच.

"हॉलिस, तुम्हाला देवाची शपथ," लोरीन सांडलेल्या खोकल्याच्या गोळ्या वेचत म्हणाली. "कॅमेरा उन्हाळ्यापासून बंद आहे. शेरिफला सांगा, तो आपणहून पळाला. माझ्या खिशाबद्दल अवाक्षर काढू नका."

"पोरी, माझ्या तोंडाला कुलूप."

पण पिस्तूल असून जमिनीला चिकटून पडल्याची लाज त्याला खात होती. न्हाव्याच्या दुकानात त्याने गोष्ट अशी रंगवली, की दोघांनी मिळून, आपापली पिस्तुलं रोखून, दरोडेखोराला पिटाळलं. ती शेरिफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कानावर गेली, आणि त्याने फेसबुकवर शाबासकी टाकली: आमची शूर मिस लोरीन! रविवारी चर्चमध्ये जो तो तिचा हात दाबत होता, आणि प्रत्येक हाताबरोबर ती आणखी गार पडत होती.

"बक्षीस देतील बघ तुला," ड्वेन म्हणाला.

"गप्प बस, ड्वेन."

सोमवारी कंपनीचे जिल्हा व्यवस्थापक, मिस्टर ब्रॅन्टली, आले. थेट गल्ल्यामागे येऊन हळू आवाजात म्हणाले, "मिस लोरीन, माणूस म्हणून मला तुमचा अभिमान वाटतो."

तिला कळायचं ते कळलं.

"पण नियम आहे. विमा महिनाअखेरपर्यंत चालेल. एप्रन कंपनीचा आहे, तो इथेच ठेवा."

"माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"मी नियम पाळला असता."

तिने एप्रनची गाठ सोडली. तो दरोडेखोर अजून सापडला नव्हता, म्हणून खिसा आजही जड होता. "थांबा, यात माझं..." म्हणत तिने रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं.

ब्रॅन्टली सिगारेटच्या फळीवर आदळले. हात वर. नजर खाली. डोक्यामागे तो छापील नियम.

"हवं ते घ्या, मिस लोरीन. मला लहान मुलं आहेत."

तिने दाराकडे पाहिलं. आत्ता कुणी दारातून डोकावलं तर? शाबासकी देणारा तोच शेरिफ बेड्या घेऊन येईल. आणि त्याच वेळी हेही तिला कळलं, की या घडीला ती मागेल ते हा माणूस देईल. इन्शुलिनसुद्धा. त्या विचाराने ती आणखीच घाबरली.

"हात खाली करा हो," ती कुजबुजली. "पाया पडते तुमच्या. कुणी बघेल."

त्यांनी केले नाहीत.

तिने रिव्हॉल्व्हर डब्याच्या पिशवीत लपवलं, एप्रनची घडी गल्ल्यावर ठेवली आणि बाहेर पडली. पंपावर चार-पाच गाड्या उभ्या होत्या, नक्षीच्या कपड्यांतले पुरुष पेट्रोल भरत होते. पिशवी छातीशी धरून ती आपल्या गाडीकडे निघाली. प्रत्येकाच्या डोक्याकडे बघत, केशरी दिसेपर्यंत श्वास रोखून.