कडुनिंबाखालचा खुंटा

आमच्या गाईला फक्त तमिळ कळतं, असं आमच्या ह्यांना वाटतं. खरं तर तिला मराठीही कळतं. तिरुवळ्ळूरकडच्या एका म्हातारीनं तिला लहानाचं मोठं केलं, लाडाचे शब्द तिनं तमिळमध्येच ऐकले, म्हणून धार काढताना मी तिच्याशी तमिळ बोलते. शिव्या मात्र माझ्या माहेरच्या, साताऱ्याकडच्या. त्या तिला बरोबर पोचतात.

अंबत्तूरच्या पुढे आम्ही हा तुकडा घेतला तेव्हा आजूबाजूला भाताची शेतं होती आणि आम्हाला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. त्याआधीची सगळी वर्षं ह्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथं माझ्या वाट्याला माती यायची ती डब्यातल्या तुळशीपुरती. लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा मला इथलं एक अक्षर येत नव्हतं. भाजीवालीशी मी हातवारे करून भांडायचे आणि हरायचे. कुठं राहायचं, कुठल्या गाडीनं गावी जायचं, पोरांना कुठल्या शाळेत घालायचं, सगळं कुणी ना कुणी ठरवत गेलं. हे अंगण तेवढं मी ठरवलं. म्हणून त्याच्याबद्दल कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरू नये असं मला वाटतही नाही.

अंगणात काय नाही? शेवगा आहे, केळी आहेत, न्हाणीच्या पाण्यावर माजलेला अळू आहे, गवार, आंबाडी, वांगी. गावठी कोंबड्या आहेत. गाईला वर्षातून दोन सण मिळतात. माट्टु पोंगलला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, इथल्या रीतीनं शिंगं रंगवते आणि आषाढात बेंदूर आला की पुन्हा रंगवते. बैल नाही म्हणून बेंदूर चुकवायचा की काय? शेजारणी विचारतात, मामी, आत्ता कसला पोंगल? मी पुरणपोळीचा घास गाईला देते आणि उरलेली पोळी त्यांना देते. मग कुणी काही विचारत नाही.

मग शेतं गेली आणि आमच्या भिंतीला लागून चार मजली इमारत आली. माणसं राहायला येऊन वर्ष होतं न होतं तोच एका रविवारी तिचा सेक्रेटरी फाटकात उभा राहिला. निवृत्त बँक अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, नाकाला रुमाल. पाठीमागे दोघे जण माना हलवायला.

"मामी, वास येतो. माश्या येतात. कोंबडा पहाटे ओरडतो."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही" हे मी त्याला माझ्या मोडक्या तमिळमध्ये समजावून सांगितलं. कोंबडा झाकायला मी कबूल झाले असं समजून तो "रोम्ब नन्री" म्हणाला, म्हणजे फार आभारी आहे. मग मुद्द्यावर आला. पोंगलच्या आत गाय विकायची, नाहीतर ते महापालिकेकडे तक्रार करतील आणि गाडी येऊन गाय घेऊन जाईल. तोवर निदान तिला भिंतीपासून दूर बांधावं, बाल्कनीतून दिसते.

याच इमारतीत रोज संध्याकाळी मोबाइलवरून मागवलेली ऑरगॅनिक पालेभाजी प्लास्टिकच्या डब्यातून येते. तिला शेणखत घातलेलं चालतं, शेण चालत नाही.

मी बोलणार होते. पण ह्यांनी माझ्या हाताला हात लावला. ते भांडणाला भितात असं नाही. सेवेत असताना साहेबांशी भांडून त्यांनी बढती घालवली आहे. पण रात्री म्हणाले, "अगं, आता वय झालं आपलं. गाडी आली तर कुणाकुणाच्या पाया पडायचं? गाय गाभण आहे. थोडं नमतं घे."

त्यांच्यासाठी नमतं घेतलं. गाईचा खुंटा भिंतीजवळच्या कडुनिंबाखालून उपटला आणि मागच्या कोपऱ्यात ठोकला. तिथं दुपारभर ऊन. मी वर झावळ्या घातल्या, पोतं ओलं करून टाकलं, तरी ती पोटुशी गाय दिवसभर तोंड वळवून कडुनिंबाकडे बघत उभी राहायची. मला फार वाईट वाटायचं. कुणाच्या तरी बाल्कनीतल्या चहासाठी ती उन्हात होती.

मार्गशीर्ष लागताच ती व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा असलेली. चिकाचा खरवस केला आणि आमच्या रीतीप्रमाणे आजूबाजूला वाटला. सेक्रेटरीकडेही वाटी पाठवली. ह्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, गाय व्याली आहे, माझं भांडण व्यालं नाही अजून. वाटी दुसऱ्या दिवशी परत आली. घासून, पुसून, रिकामी. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चार दाणे साखर तरी घालतात. इथंही तीच रीत आहे, मला माहीत आहे. मी ती वाटी फळीवर पालथी घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, अजून नीट उजाडलं नव्हतं, मी धार काढत होते आणि फाटक वाजलं. बघते तर सेक्रेटरी. अंगावर कोरी रेशमी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, कपाळावर गंध, पायात काही नाही, आणि नाकाला रुमालही नाही.

त्याच्या मुलीनं त्याच इमारतीत फ्लॅट घेतला होता. आज गृहप्रवेश. इथं नव्या घरात आधी गाय-वासरू नेतात, त्यांची पूजा होते, मग माणसं शिरतात. पूजेसाठी गाय टेम्पोतून आणणारा माणूस ठरवला होता, त्याचा टेम्पो वाटेतच बंद पडला. मुहूर्त टळत होता.

"मामी, तुमची गाय... कालवडीसकट... खालच्या पार्किंगपर्यंत तरी."

अडला हरी म्हणतात तो असा पहाटेच येतो. ह्यांनी ओट्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनातलं मला दिसत होतं: आता अट घाल. तक्रारीचा नाद सोडा म्हण, मगच गाय सोड.

मी अट घातली नाही. गाय ठेवायची की नाही हे ठरवणं त्याच्या हातातच नव्हतं, मग ते त्याच्याकडून मागून कशाला घ्यायचं? आणि पूजेला आलेल्या माणसाला फाटकातून परत पाठवायचं नाही, एवढं मला माझ्या आईनं शिकवलं आहे.

"गाय येणार नाही," मी म्हटलं. "ओली बाळंतीण आहे, परक्या फरशीवर घसरेल. तुम्ही या. सगळे या."

तो वाध्यारांना, म्हणजे भटजींना, विचारायला धावला. वाध्यार म्हणाले, गोठ्यात पूजा झाली तर उत्तमच. आणि मग सगळी इमारत आमच्या फाटकातून आत आली. रेशमी पट्टुसाड्या घोट्याच्या वर उचललेल्या, हातात नारळाची ताटं, पायांत काही नाही, आणि खाली आदल्या रात्रीच्या पाण्याचा चिखल. कोंबड्या ताटांतल्या तांदळावर टपलेल्या. कोंबडा तर वाध्यारांच्या मंत्रांवर मात करायला निघाला होता.

लक्ष्मी गाईच्या पाठीमागच्या अंगाला वसते, म्हणून पूजा तिथंच करायची असते. तेव्हा सेक्रेटरी साहेब माझ्या गाईच्या शेपटीमागे हात जोडून उभे राहिले. मुलीनं हळद लावली, कुंकू लावलं. तेवढ्यात गाईनं शेपूट उचललं. मी टोपली घ्यायला वळले. वाध्यार मात्र आनंदानं ओरडले, "शुभम्! शुभम्!" आणि त्या मुलीनं दोन्ही हात पुढे करून शेण केळीच्या पानावर झेललं. पोरीनं नाक मुरडलं नाही. नव्या उंबऱ्याला लावायला ती ते पान प्रसादासारखं घेऊन गेली. ती पोरगी मला आवडली.

सगळे गेल्यावर सेक्रेटरी मागे रेंगाळला. वेष्टीच्या काठावर शिंतोडे उडाले होते.

"मामी, त्या तक्रारीचं... मी कमिटीत बोलून बघतो."

"बोलू नका," मी म्हटलं. "करायची तर खुशाल करा. गाडीवाल्यांना मी सांगेन, हिच्या पाठीमागचं कुंकू अजून ओलं आहे, ते कुणी लावलं ते वरच्या मजल्यावर विचारा."

तो पायाला लागलेला चिखल झटकत निघून गेला. हे म्हणाले, "अगं, चांगलं मागे घेत होता तो." मी म्हटलं, घेऊ दे की, मी कुठं धरून ठेवलंय.

मग मी पहार घेतली, मागच्या कोपऱ्यातला खुंटा उपटला आणि भिंतीजवळ कडुनिंबाखाली, जुन्याच खड्ड्यात, पुन्हा ठोकला. ह्यांनी न सांगता दावं आणून दिलं. गाय सावलीत येऊन उभी राहिली, कालवड पोटाशी आली. तोंड आमच्या स्वयंपाकघराकडे आणि हळद-कुंकू लावलेली लक्ष्मी सगळ्या बाल्कन्यांकडे. ते कुंकू मी पोंगलपर्यंत धुतलं नाही.