चाचांचं जपानी

जपानी भाषा खुद्द जपान्यांनाही आमच्या शेजारच्या चाचांइतकी येत नसेल. मालवाहू बोटीवर पंधरा वर्षं खलाशी, त्यात जपानचं बंदर चार वेळा लागलेलं. एवढ्या भांडवलावर ते मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात बांगड्याचा भाव जपानीत करत. मासेवाली त्यावर जे बोले ते मला इथे लिहिता येणार नाही. एसटीत चढताना ते कंडक्टरला कमरेत वाकून जपानी नमस्कार करत आणि मागची माणसं पायरीवरच अडकून पडत.

बोट सोडून आले ते व्हीसीआर आणि एकच कॅसेट घेऊन. जपानी मालिका होती. चकाकतं चिलखत घातलेला निन्जा तलवारीने दुष्टांना लोळवतो, एवढं कुणालाही कळे. बाकीचं चाचा सांगत. रविवारी दुपारी अर्धी आळी त्यांच्या पडवीत जमायची. मधेच लाइट गेली तरी भाषांतर चालूच. एकदा तर त्यांनी काळ्या पडद्यावर निन्जाला मारून टाकलं, आणि लाइट आली तेव्हा तो आपला मोटारसायकलवरून मजेत चाललेला.

सगळ्यांचा लाडका भाग शेवटचा. धबधब्याखाली झुंज लागते, शत्रूचा मुखवटा गळून पडतो आणि त्याचा चेहरा बघून निन्जा तलवार खाली करतो. मग दोघं मिनिटभर बोलतात. काय बोलतात, ते दर रविवारी बदलायचं. जिच्या नवऱ्याचं कुवेतहून तीन महिने पत्र नव्हतं ती समोर असली, तर निन्जा सांगे, तिकडे पोस्टाचा संप आहे, माणूस खुशाल आहे. ती बिचारी पदराने डोळे पुसत घरी जाई. आणि मी पडलो नवा मास्तर! चुका काढायची खाज काही केल्या जात नव्हती.

चाचांचं सख्ख्या धाकट्या भावाशी आठ वर्षं बोलणं नव्हतं. दोन आवारांमधला चिऱ्यांचा गडगा कुणी सरकवला, यावरून बिनसलेलं. भाऊ सौदीला निघायचा होता, त्याच्या आदल्या रविवारी तो गुपचूप येऊन पडवीच्या पायरीवर टेकला. चाचांनी पाहिलं, पण हाक मारली नाही. मुखवटा गळाला तसा त्यांचा आवाज खाली आला.

"निन्जा म्हणतो, गडगा मीच सरकवला. माझं चुकलं. जायच्या आधी घरी जेवून जा."

आणि मी म्हणालो, "चाचा, गेल्या रविवारी तर हा त्याला जिता सोडणार नव्हता. आणि जपानात गडगा कुठून आला हो?"

पडवी खो खो हसली. भावाचा चेहरा उतरला. तो उठला, चपला पायांत सरकवल्या आणि मागे न बघता निघून गेला. चाचा पडद्याकडेच बघत राहिले.

पुढेही कॅसेट लागायची, पण धबधबा आला की चाचा गप्प होत. भाऊ वर्षाच्या आत तिकडेच वारला. बातमी कळली त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. माझ्या या जिभेची मला इतकी लाज वाटत होती की माफीसुद्धा धड मागता येईना.

चाचांनी मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाले, "मला जपानी येत नाही हे त्याला ठाऊक होतं, मास्तर. तरी ऐकायला आलेला तो."