आभाळातून पडलेलं लोखंड

पहिलं महायुद्ध संपून पंधरा वर्षं झाली, तरी बेल्जियममधल्या आमच्या फ्लँडर्समध्ये नांगरताना तोफगोळ्यांचं लोखंड निघायचंच. ज्याच्या शेतात निघेल त्याचं, हा गावाचा कायदा. म्हणून लंडनहून ब्रसेल्सला निघालेलं प्रवासी विमान बीटाच्या शेतात कोसळलं, तेव्हा प्रेतं उचलायच्या आधी लोक गोण्या घेऊन धावले. धीर म्हणून नाही कुणाला.

विमान चालवत होता आमच्याच गावचा योरिस. त्याची आई गोडलीव्ह माझी शेजारीण. नवरा युद्धात गेला, हिनं लोकांची धुणी धुऊन पोर वाढवलं. गावावरून जाताना तो जरा खाली यायचा आणि ही अंगणातून एप्रन हलवायची. झालं, गावाला तेवढंच पुरलं.

"आईला तोरा दाखवायला खाली आला आणि बारा जीव घेऊन गेला," चर्चच्या दारात हेच.

चौकशीच्या साहेबांना शेपटीचे तुकडे सापडेनात. गोडलीव्ह दारोदार फिरली. "द्या हो. माझ्या योरिसची चूक असेल तर तीही कळू दे."

पाववाली म्हणाली, "पोराला आभाळात धाडताना आम्हाला विचारलं होतंस?"

अहवाल आला: कारण अज्ञात. अज्ञात म्हणजे योरिस, एवढं गावाला बरोबर कळलं. तिची धुणी बंद झाली. योरिसच्या कबरीवर कुणीतरी शेण फासायचं, आणि ही सकाळी ब्रश घेऊन घासत बसायची.

दोन वर्षांनी आम्ही दोघी कामीलकडे अंडी आणायला गेलो. त्याच्या खुराड्याला अडसर म्हणून एक चकचकीत दांडा होता.

"बघतेस काय?" कामील म्हणाला. "विमानाच्या शेपटीचा आहे. माझ्या शेतात पडला, माझा झाला."

तिनं दांडा उपसला, एप्रनमध्ये गुंडाळला आणि थेट ब्रसेल्सची गाडी धरली. मीही मागोमाग.

साहेबांनी भिंग लावून पाहिलं. "बाई, शेपटीचाच आहे, आणि इथंच तुटलाय. हवेत तुटला की जमिनीवर आपटून, हे तुटलेल्या टोकावरून सांगता आलं असतं. हवेत तुटला असता तर तुमचा मुलगा निर्दोष. पण हे टोक कुणीतरी कानस मारून गुळगुळीत केलंय. आता यातून काहीच कळायचं नाही."

परत आलो तर कामील फाटकातच उभा.

"टोक का घासलंस रे मेल्या?" मी विचारलं.

"मग काय करू? धार होती. नातीचा हात कापला असता." मग तो गोडलीव्हकडे वळला. "तुझं काम झालं ना? दे तर इकडे. कोल्हा घिरट्या घालतोय."

मी असते तर त्याच्या टाळक्यात घातला असता. तिनं एप्रन सोडला.

"घे बाबा," ती म्हणाली. "कोंबड्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय."