बसाकाका

टीव्ही भिंतीवर लावायला आलेला माणूस आधी भिंतीकडे बघतो. पाटीलकाका आधी सोफ्याकडे बघत. चपला दाराबाहेर काढायच्या, पिशवी कोपऱ्यात ठेवायची आणि घरातल्या माणसांना म्हणायचं, "बसा." घर आपलं, सोफा आपला, आणि बाहेरून आलेला माणूस आपल्यालाच बसायला सांगतोय, हे पहिल्यांदा फार विचित्र वाटे. आपण कडेला अवघडून टेकलो की पुढचं वाक्य येई, "तसं नाय. रोज बसता तसं बसा." मग कोणी पाय वर घेई, कोणी उशी ओढी, कोणी सरळ आडवं होई. काका समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि एकेकाच्या डोळ्यांकडे बघत. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे बसाकाका म्हणत ते यावरून. त्यांना ते ठाऊक होतं. आवडत होतं की नाही, कळलं नाही.

साठी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे, सावळे. सोसायटीच्या मागच्या गावात राहत. मी त्यांना गरजू समजत होते. एकदा सेक्रेटरींनी सहज सांगितलं की आमच्या तिन्ही इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, ती काकांच्या वडिलांची भातशेती. गावात त्यांचं तीन मजली घर होतं, मुलगा बांधकामाच्या सामानाचा व्यवसाय करत होता. पुढच्या खेपेला मी विचारलंच, "काका, तुम्हाला या कामाची काय गरज?"

"मग कं करू? गेटजवळ खुर्ची टाकून गाड्या बघत बसू?" ते म्हणाले. "हितं माणसं तरी बघायला मिळतात."

मग हॉलच्या फरशीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं आमचा राब व्हायचा. रोपं इथं वाढवायची नि तिकडं, तुमच्या पार्किंगात, लावायची." बस थांबा हलवल्याची माहिती द्यावी तशा सुरात त्यांनी हे सांगितलं आणि ड्रिलची वायर सोडवायला घेतली.

हे काम ते कुठे शिकले, याचं उत्तर एमआयडीसीत होतं. एका केमिकल कंपनीत ते मेंटेनन्सला होते. तिथे एका टाकीचा प्रेशर दाखवणारा मीटर कोणीतरी फार वर बसवला होता. ऑपरेटर रोज स्टुलावर चढून तो वाचायचा. एक दिवस स्टूल सरकलं आणि माणूस पडला, खुब्याचं हाड मोडलं. "मीटर बरोबर होता, माणूस पण बरोबर होता," काका म्हणत, "उंची चुकली." पुढे कंपनी बंद झाली. काकांनी घरोघरी टीव्ही लावायला सुरुवात केली तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीची नुकतीच हौस आली होती आणि दुकानात दिसतो तसा तो घरातही उंच टांगायची पद्धत पडली होती. काका त्यावर एकच बोलत, "मान वर करून बघायला देव हाय. टीव्हीला कशाला?"

स्वभावाने ते मऊ होते असं नाही. वेळेवर कधीच येत नसत. तुमचा चष्मा लांबचा की जवळचा, घोरता का, जेवता कुठे, असले प्रश्न बिनदिक्कत विचारत. समोरच्या विंगमधल्या एका गृहस्थांना टीव्ही दरवाजाच्या चौकटीपेक्षा उंच हवा होता, खालचं शोकेस नीट दिसावं म्हणून. काकांनी पिशवी उचलली. "मग तिथं कॅलेंडर लावा," म्हणाले आणि निघून गेले. कल्याणच्या माझ्या मावसबहिणीकडे तिचा नवरा दिवाणावर ऐसपैस पसरून दाखवत असताना काकांनी स्वयंपाकघराकडे वळून तिला विचारलं, "ताई, तुमी कुठनं बघता?" ती म्हणाली, "मी कुठे बघते? पोळ्या करताना ऐकते." काकांनी टीव्ही पुढे ओढून वळवता येईल अशा दांडीवर बसवला. नवरा पंधरा दिवस धुसफुसत होता.

पण मला ते आठवतात ते माझ्या सासूबाईंमुळे.

माझा नवरा मिलिंद याने एका दिवाळीत मोठा टीव्ही घेतला. सुताराकडून छतापर्यंत लॅमिनेटचं पॅनेल करून घेतलं आणि दुकानाच्या माणसाने त्यावर, बराच वर, टीव्ही बसवला. आल्यागेल्याला ते फार आवडे. त्यानंतर महिन्याभरात सासूबाई हॉलमध्ये बसेनाशा झाल्या. "मालिकांचा कंटाळा आला गं," एवढंच त्या म्हणाल्या. आतल्या खोलीत पडून राहत. संध्याकाळी भाजी निवडायला बाहेर येत त्याही येईनात. जेवणाचं ताट आत नेऊ लागलो. बोलणं कमी झालं. वय झालं, असं मिलिंद म्हणाला. मलाही ते पटलं, कारण तसं पटवून घेणं सोयीचं होतं. मी शाळेत शिकवून दमून येत असे. घरात एक आवाज कमी झाल्याचं मला आठ महिने जाणवलं नाही, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

टीव्ही एका बाजूला किंचित कलला म्हणून मी पाटीलकाकांना बोलावलं. एवढंच काम होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे मला बसवलं आणि विचारलं, "अजून कोण बसतं?"

"सासूबाई बसायच्या. आता त्या बघत नाहीत."

"का?"

मी आतल्या खोलीकडे बघितलं. काका आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि बाहेरूनच म्हणाले, "आजी, जरा बाहेर येता? मला तुमची नजर पायजे."

सासूबाई चक्क आल्या. आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या. काकांनी टीव्ही सुरू केला. सासूबाईंनी वर बघितलं आणि दोन मिनिटांत त्यांचा हात आपोआप मानेमागे गेला. तो हात काकांनी पाहिला. तो मीही पाहिला, पहिल्यांदाच.

"दुखतंय?"

"थोडं. चक्कर येते मग," सासूबाई म्हणाल्या. "पण त्याने एवढ्या हौसेनं आणलाय."

काकांनी टीव्ही बंद केला. "आजी, डोळं मिटा. आता उघडा. समोर बगा, मुद्दाम कुठं बगू नका." त्या समोर बघत राहिल्या आणि काका पेन्सिल भिंतीवरून हळूहळू खाली सरकवत विचारत गेले, "इथं? इथं?" जिथे सासूबाईंनी मान डोलावली तिथे खूण केली. ती जागा आधीच्या जागेपेक्षा चांगली हातभर खाली होती.

मिलिंद घरी आला तेव्हा टीव्ही खाली उतरला होता आणि पॅनेलवर वर चार उघडी भोकं होती. तो चिडला. "मला एक फोन तरी करायचा! सगळ्या डिझाइनची वाट लावली त्या माणसाने."

सासूबाई टीव्हीसमोरच बसल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "राहू दे रे. मला दिसतंय आता."

मिलिंदने बूट काढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्यानंतर सासूबाई पाच वर्षं होत्या. शेवटच्या आजारपणाचे दिवस सोडले तर रोज संध्याकाळी त्या हॉलमध्ये असत, बातम्या लावायच्या की मालिका यावरून मुलाशी भांडत.

त्या गेल्यावर आम्ही कल्याणला राहायला गेलो. नव्या घरात टीव्ही लावायला मी काकांनाच फोन केला. ते रिक्षाने आले, एवढ्या लांब. उजवा हात छातीशी धरलेला. खांदा आखडला होता, बोटंही थरथरत होती. माप घेऊन झालं, सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध आला, आणि त्यांनी ड्रिल माझ्यापुढे धरलं.

"मशीन तुमी धरा, मॅडम."

"मी? काका, मला नाही जमणार."

"भिंत कं खाते का तुमाला? दोन्ही हातांनी धरा. सरळ. जोर खांद्यानं द्या."

मी चारही भोकं पाडली. सिमेंटची धूळ केसांत, चष्म्यावर, तोंडात गेली. शेवटचं भोक जरासं तिरकं गेलं. काकांनी त्यात बोट घालून पाहिलं आणि "चालंल" म्हणाले. मला पुढे कुठेतरी जायचं होतं. चहाचं विचारलं, पण आग्रह केला नाही. ते लिफ्टने खाली गेले.

पुढच्या वर्षी बहिणीकडे काम निघालं म्हणून त्यांचा नंबर लावला तर तो बंद. एका रविवारी मी गावात त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी ओट्यावर बसल्या होत्या. काकांना जाऊन आठ महिने झाले होते. मी माझं नाव सांगितलं, ते त्यांना ओळखीचं वाटलं नाही. कल्याणला त्यांच्यासमोर भिंतीला भोकं पाडली होती ती मी, असं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"तुमी होय? त्या दिवशी घरी येऊन सांगत होते," त्या म्हणाल्या. "बोलले, एक मॅडम हाय, भिंतीला घाबरत नाय."

खरं तर त्या दिवशी माझे हात लटलट कापत होते. काका माझ्याशेजारीच उभे होते. त्यांना ते दिसलं नसेल, असं होणंच शक्य नाही.