निगा पेशंटनेच राखावी

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात दिगंबर हर्डीकरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्यांच्यावर एकदा तरी चिडला नाही असा सापडणं त्याहून कठीण. गणेशोत्सवाला मंडळ शाळेचा हॉल घेतं तेव्हा पार्किंगची जबाबदारी दिगंबरकाकांकडे असते. एका वर्षी अध्यक्ष मनोहर घाईघाईत गाडी बंबासाठी मोकळ्या ठेवलेल्या फायर लेनमध्ये लावून आत आरतीला उभे राहिले. काका भर आरतीत आत शिरले आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मनोहर, गाडी." अध्यक्ष टाळ्या वाजवतच बाहेर गेले. गाडी हलवून परत येईपर्यंत मोदक संपले होते.

काकांनी बत्तीस वर्षं एकाच कंपनीत नोकरी केली. मोजमापाची यंत्रं खरं मोजतात की नाही हे तपासायचं, एवढंच काम. ते काम अंगात इतकं मुरलं की घरातल्या ओव्हनच्या दारावर अजून त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे : 'आठ डिग्री जास्त दाखवतो.' रिटायर झाल्यावर माणूस सैल पडेल असं प्रतिमाकाकूंना वाटलं होतं. कसलं काय! ते आणखी आवळले.

पण याला उगाच हसू नये. माणूस असा होतो त्याला कारण असतं. व्हिसावर असतानाच्या दिवसांत एका फॉर्मवर तारीख लिहिताना त्यांनी आपल्याकडच्या सवयीनं आधी दिवस आणि मग महिना लिहिला; इथे उलटं असतं. तो कागद चौदा महिने कुठल्यातरी टेबलावर अडकला, आणि तो सुटेपर्यंत देशाबाहेर जाता येईना. त्या चौदा महिन्यांत प्रतिमाकाकूंच्या धाकट्या बहिणीचं सांगलीला लग्न झालं आणि काकूंना जाता आलं नाही. काकू त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच काकांना जास्त लागलं. तेव्हापासून ते कुठलाही नियम तीनदा वाचतात. सिटिझन होऊन वीस वर्षं झाली तरी वाचतातच.

असा हा माणूस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी घराच्या बेसमेंटमध्ये गांजा लावायला निघाला.

काकूंना संधिवात. तोही साधासुधा नाही, बोटांची पेरं सुजून लाल होणारा, सकाळी ब्रशसुद्धा धरू न देणारा. डॉक्टरांनी मागे एक कडक गोळी दिली होती. तिनं दुखणं कमी झालं हे खरं, पण काकूही कमी झाल्या. रविवारच्या मराठी शाळेत त्या एकोणीस वर्षं शिकवत होत्या. एका रविवारी वर्गात उभ्या राहिल्या आणि एकाही मुलाचं नाव त्यांना आठवेना. त्या घरी आल्या आणि शाळा सोडली. पुढचे आठ महिने सोफ्यावर बसून असायच्या. प्रश्न विचारला की हसायच्या. काकांना त्या समोर बसलेल्या असतानाच त्यांची आठवण यायची आणि रडू यायचं. तेव्हा ते गराजमध्ये जाऊन काहीतरी आवरत बसायचे.

मग दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, राज्याचं पेशंट कार्ड काढलं, आणि औषधी गांजाच्या परवानाधारक दुकानातून एका विशिष्ट जातीचं तेल आलं. जिभेखाली चार थेंब. तीन आठवड्यांनी काकूंनी स्वतःहून विचारलं, "अहो, आमटीत मीठ कोण विसरलं?" काकांच्या जिवात जीव आला. ऑगस्टमध्ये काकू शाळेत परत गेल्या.

आणि सप्टेंबरमध्ये दुकानानं सांगितलं की ते तेल आता येणार नाही. दुसरी दोन आणून पाहिली, त्यांनी काकूंना गरगरायला लागलं. त्या जातीचं बी मात्र दुकानात होतं. उरलेल्या बाटल्या सांभाळून वापरल्या तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुरणार होत्या. पुढे एक तर घरच्या पिकाचं तेल, नाही तर ती गोळी. काकांनी तारखा मांडल्या आणि दुसऱ्याच दिवशी बी आणलं.

बेसमेंटमध्ये एक काळा तंबू उभा राहिला, कपाटाएवढा, आतून चंदेरी. वर दिवा, कोपऱ्यात पंखा, वास बाहेर पडू नये म्हणून कोळशाचा फिल्टर, दिवा वेळेवर लावायला-मालवायला टायमर, आणि हवेतला दमटपणा मोजायला तीन यंत्रं. एकच यंत्र असलं तर ते खोटं बोलतंय हे कळणार कसं? खोलीच्या दाराला कुलूप. कायद्यानं पाच झाडं चालतात, काकांनी चार लावली. गांजा हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून फुटेना. ते 'झाडं' म्हणायचे. काकू सरळ गांजा म्हणायच्या, तेही खिडकी उघडी असताना.

इथवर सगळं ठीक होतं. मग एका संध्याकाळी काका नियमावली तिसऱ्यांदा वाचत असताना थबकले.

"प्रतिमा," ते म्हणाले, "झाडांची निगा पेशंटनंच राखायची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कार्ड तुझं आहे. पाणी तू घालायचं. मी नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, मला पोह्यांची कढई उचलत नाही. त्या बारा पायऱ्या उतरून मी गांजाला पाणी घालू?"

काकांनी दोन दिवसांत जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवला. खाली खुर्ची ठेवली. लहान मुलांच्या खेळण्यांतली पिवळी झारी आणली, भरली तरी हलकी. पाणी ते स्वतः भरून आणायचे, कारण पाणी भरण्याबद्दल नियमात काही नव्हतं. पण झारी झाडावर वाकवायची वेळ आली की हात मागे बांधून उभे. पहिल्या दिवशी काकूंना उतरायला नऊ मिनिटं लागली. उतरताना त्या काकांना जे जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांची मुलगी इला शिकागोत सरकारी बचाव वकील आहे. गरीब आरोपींची बाजू मांडते, रोज खऱ्या गुन्ह्यांत बुडालेली असते. तिनं हे ऐकलं आणि फोनवरच ओरडली.

"बाबा, सीरियसली? आईला पेन होतंय आणि तू नुसता उभा राहतोस? नोबडी चेक्स! तू पाणी घातलंस म्हणून कुठलाही जज तुला आत टाकणार नाही. आय प्रॉमिस."

"कुणी तपासत नाही म्हणून चालतं असं नाही," काका म्हणाले. "उद्या कार्ड काढून घेतलं तर? मग कुठून आणू?"

"यू आर बीइंग क्रूअल, बाबा."

हे काकांना झोंबलं. ते हळू आवाजात म्हणाले, "इला, ती आठ महिने सोफ्यावरून हलली नव्हती. आता रोज खाली येते. मला शिव्या देत येते, पण येते."

आणि काकू खरंच येत होत्या. नोव्हेंबरात नऊ मिनिटांची चार झाली, हे काकांनी मोजलं होतं पण सांगितलं नव्हतं. काकू खुर्चीत बसून रोपांसमोर रविवारच्या धड्याची तयारी करायच्या. कुठलं पान पिवळं पडलं, कुठली फांदी बांधायला हवी, हे त्यांना काकांच्या यंत्रांआधी कळायचं. "तुमची तीन यंत्रं एकीकडे आणि माझा डोळा एकीकडे," असं त्या ऐकवायच्या. काका ते आनंदानं ऐकून घ्यायचे.

नियमात एक पळवाट होती. पेशंट थोडा वेळ घरी नसेल तर त्यानं नेमलेला माणूस निगा राखू शकतो. काकांनी लगेच रीतसर नेमणूकपत्र टाइप केलं, काकूंची सही घेतली. डिसेंबरात एका शनिवारी काकूंचे गुडघे धरले तेव्हा इलानं आईला शालीत गुंडाळून गाडीत घातलं आणि लायब्ररीच्या पार्किंगमध्ये नेऊन बसवलं. गराजमध्ये बसलं तर चालेल का, असं काकूंनी आधी विचारून पाहिलं होतं. गराज घरातच मोडतं, असा निकाल मिळाला. लायब्ररीसमोर मायलेकी शंकरपाळे खात बसल्या. "सुरू करतोय," काकांचा फोन आला. अकरा मिनिटांनी पुन्हा आला, "झालं. या परत." इला हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकून राहिली. काकूही हसल्या, पण म्हणाल्या, "हसू नकोस गं. त्या चौदा महिन्यांत ते रात्र रात्र जागे असायचे. मी पाहिलंय."

जानेवारी उजाडला आणि झाडांना फुलं धरली. खोलीचं दार उघडलं की झेंडूची देठं कुस्करल्यासारखा उग्र वास यायचा. आणखी तीन आठवडे, मग कापणी.

नेमकी तेव्हाच कडाक्याची थंडी पडली. पारा शून्याखाली गेला, रस्त्यावर बर्फाची काच झाली, आणि काकूंचं दुखणं उसळलं. मनगटं, गुडघे, घोटे, सगळं एकदम. पहिल्या दिवशी त्या पलंगावरून उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. रस्ते बंद, त्यामुळे इला येऊ शकत नव्हती, आणि आली असती तरी अशा बाईला अशा हवेत बाहेर कुठे नेणार? तिसऱ्या दिवशी दुपारी काका खाली गेले. चारही झाडांनी माना टाकल्या होत्या. फुलांच्या भारानं फांद्या खाली आल्या होत्या आणि कुंडीतली माती कडेनं सुटली होती.

ते वर आले. काकूंनी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"घाला ना हो पाणी," त्या म्हणाल्या. "एकदा. मी कुणाला सांगते का?"

काका परत खाली गेले, झारी भरली आणि झाडांसमोर उभे राहिले. घालायचं ठरवूनच गेले होते. पण हात पुढे होईना. वकील, पोलिस, जज, कुणाचीच भीती नव्हती ती. एका फॉर्मवर दोन आकडे उलटे पडले आणि बायकोची एक गोष्ट कायमची गेली. आता हिचं डोकं जाईल, शाळा जाईल, आमटीत मीठ नाही हे सांगणारी ही बाई जाईल, माझ्या हातून जाईल, ही भीती होती. पाणी घातलं तरी आणि नाही घातलं तरी. म्हातारा माणूस झारी धरून तिथे उभ्या उभ्या रडला.

मग त्यांनी डोळे पुसले आणि पहिली कुंडी उचलली.

माती सुकली होती, त्यामुळे कुंडी हलकी होती; गुडघे मात्र हलके नव्हते. बारा पायऱ्या, मग हॉल, मग बेडरूम. एक कुंडी ठेवायची, दार लावून घ्यायचं, परत खाली. चौथी फेरी झाली तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी पडदे ओढले, आतून कडी घातली, वर कुलूप लावलं. बंद जागा, कुलूपबंद, बाहेरून दिसत नाही. सगळं नियमात.

काकू उशीला टेकून हे पाहत होत्या. पलंगाभोवती चार गांजाची झाडं, घमघमाट सुटलेला, आणि मधोमध नवरा, कपाळावरचा घाम पुसत. दुखत असतानाही त्यांना हसू फुटलं. "अहो, वरात काढलीत काय?"

"पाणी घाल," काका म्हणाले. त्यांनी खालून आणलेली झारी पुढे केली.

काकूंनी हात पुढे केला. बोटं झारीच्या कडीभोवती वळली, पण मिटेनात. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा झारी निसटून पांघरुणावर कलंडली आणि पाणी सांडलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो जमत," त्या म्हणाल्या. "गेलं सगळं. जाऊ द्या."

काकांनी लगतच्या बाथरूममधून झारी पुन्हा भरून आणली. पलंगाच्या कडेला, काकूंना अगदी लागून बसले. त्यांचा सुजलेला हात अलगद उचलून कडीवर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला, दाब पडणार नाही इतका हलका. मग दोन्ही हात मिळून पुढे गेले. झारी वाकली. माती आवाज करत पाणी प्यायला लागली. पहिली कुंडी झाली. दुसरी झाली.

तिसऱ्या कुंडीवर काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "एक विचारू? खरं सांगा. आता हे पाणी कोण घालतंय? तुम्ही की मी?"

दुसरा कुणी असता तर पटकन 'तूच' म्हणून मोकळा झाला असता. पण न तपासता आकडा सांगायची काकांना सवय नव्हती. त्यांनी झारीवरच्या दोन हातांकडे नीट पाहिलं. कुणाचा जोर किती, कुणाचा हात कुणाला नेतोय, ते मन लावून शोधत राहिले. खालच्या हाताची ऊब त्यांच्या तळव्याला लागत होती.

"सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि हात न काढता त्यांनी चौथी कुंडी पायानंच जवळ ओढली.